सेल्फ घेत नाही!

चिपळूणला मुंबई-गोवा महामार्गालगत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. आता ते मुलगा बघतो. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि कुणी न विचारता सल्ले देतो. वायरमनच्या दारात येणाऱ्या तक्रारींत पहिला मान एकीचाच: "मिस्त्री, सेल्फ घेत नाही." या तीन शब्दांच्या आड निदान पाच निरनिराळे बिघाड असतात, आणि बऱ्याचदा सेल्फ बिचारा निर्दोष असतो. तरी आधी खोलला जातो तोच. का, तर तो खोलला की बिल करता येतं. टर्मिनल घासून गाडी चालू करून दिली, तर गिऱ्हाईक चहाचे पैसेही देत नाही.

ज्यांना गाडी चालवता येते पण बॉनेट उघडायला मन धजत नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. आधी कान, मग हात.

किल्ली फिरवण्यापूर्वी गाणी बंद, पंखा बंद, काच खाली. मग काय ऐकू येतं ते नीट ऐका. काहीच आवाज नाही, ही एक गोष्ट. एकच जोरकस 'टक्', ही दुसरी. 'टकटकटकटक' अशी लड लागली, ही तिसरी. मोटर 'घूंऽऽ' करत फिरते पण इंजिन हलत नाही, ही चौथी. 'खर्रर्र' करून दात्यावर दाता घासतो, ही पाचवी. मी गिऱ्हाइकाला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि हमखास उत्तर येतं, "काहीतरी आवाज येतो." मग त्याला फोन बॉनेटजवळ धरायला लावून दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगतो. घरबसल्या निम्मं काम तिथेच होतं, आणि दुकानातून निघताना कुठलं सामान बरोबर घ्यायचं तेही कळतं.

२. आत काय घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही.

सेल्फ म्हणजे एक ताकदवान मोटर. तिच्या पाठीवर एक लहान नळकांडं असतं, ते सोलेनॉइड. किल्ली फिरवली की बारीक वायरीतून सोलेनॉइडला करंट मिळतो आणि त्यातला लोखंडी दांडा आत खेचला जातो. तो दांडा एका लिव्हरने बेंडिक्सला, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाला, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये अडकवतो. दांडा पुरता आत गेला की त्याच्या टोकाची तांब्याची पट्टी दोन जाड बोल्टांना जोडते, आणि तेव्हा कुठे बॅटरीचा भरघोस करंट मोटरला मिळतो. म्हणजे आधी दात्यात दाता, मग फिरणं. बेंडिक्सला आठ-दहा दाते, रिंगला शंभरच्या आसपास, म्हणून एवढीशी मोटर अख्खं इंजिन ओढते. लहान पेट्रोल गाडीतही त्या घडीला शंभरावर अँपिअर जातात, डिझेलला त्याच्या दुपटी-तिपटीने. घरातला गिझरसुद्धा दहा-पंधरा अँपिअरवर भागतो, हे लक्षात घेतलं की एका सैल बोल्टने गाडी का अडते ते समजतं.

इंजिन सुरू झाल्यावर रिंग उलट बेंडिक्सलाच फिरवू लागते. तेव्हा मोटर दहापट वेगाने भिरभिरू नये म्हणून बेंडिक्समध्ये एकाच बाजूला धरणारा क्लच असतो. हा क्लच पुढे पुन्हा भेटणार आहे.

३. 'टकटकटक' म्हणजे बॅटरी, हे शंभरात नव्वद वेळा खरं.

सोलेनॉइड दांडा खेचतं, मोटर करंट मागते, अशक्त बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, दांडा सुटतो. सुटताक्षणी व्होल्टेज सावरतो, दांडा पुन्हा खेचला जातो. हे सेकंदात कित्येकदा होतं, तीच ती लड. गणपतीत आमच्याकडे याचा हंगाम असतो. चाकरमानी मुंबईहून गाडी आणतात, वाडीत आठ-दहा दिवस उभी करतात, पोरं दरवाजे उघडे टाकून आरत्या लावतात आणि परतीच्या दिवशी पहाटे गाडी 'टकटक' करते.

मीटर स्वस्त मिळतो, एक घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग, मग बाकीच्या गप्पा. पण उभ्याचा आकडा पुरेसा नाही. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. उभ्याने १२.६ आणि सेल्फ मारताना ६ दाखवणारी बॅटरी आतून गेलेली असते. अशी बॅटरी घेऊन येणारा माणूस "अहो, हॉर्न तर जोरात वाजतो" म्हणून माझ्याशीच वाद घालतो. हॉर्नला लागतात चार-पाच अँपिअर, त्यावरून सेल्फचा अंदाज बांधता येत नाही.

उरलेल्या दहांपैकी काहींत बॅटरी ठणठणीत असते आणि तरी लड लागते. तिथे सोलेनॉइडमधली दांडा धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असते. म्हणून मीटर न लावता बॅटरी विकत घेऊ नका.

४. बॅटरीवर आळ घेण्याआधी तिची टोकं बघा.

पांढरी-निळी भुकटी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. मग टर्मिनल सोडवून पॉलिश पेपरने पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू, दोन्ही चकचकीत करा. घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस आधी नि आवळणं नंतर, हा क्रम चुकीचा. क्लॅम्प हाताने हलला तर तो सैल आहे, पान्याने हलवून बघायची गरज नाही. सोडवताना काळी वायर आधी, जोडताना काळी शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडू नये यासाठी हा नियम आहे.

त्याहून दुर्लक्षित म्हणजे अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी जाड पट्टी लागते. कोकणच्या दमट हवेत ती आतून हिरवी पडून सडते, वरून शाबूत दिसते. मग करंट परतीची वाट शोधतो आणि क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊ लागतो. सेल्फ मारल्यावर क्लच केबलमधून धूर निघाला म्हणून नवी केबल टाकलेल्या, आणि तीही जळालेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. परीक्षा सोपी: मीटरची एक वायर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, दुसरी बॅटरीच्या उणे पोस्टवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला. खरं तर पाव व्होल्टलाच माझी भुवई चढते.

५. एकच 'टक्' ऐकू आला तर छतातला दिवा बघा.

लोक हेडलाइट बघायला सांगतात, पण कित्येक गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात. म्हणून आतला दिवा. 'टक्' होताच तो अगदी मंदावला, तर करंट जातोय पण मोटर अडकलीय, किंवा इंजिनच जाम आहे. दिवा जसाच्या तसा राहिला, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे जाड केबल, सोलेनॉइडची तांब्याची पट्टी किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश), या तिघांपैकी एक.

पुढची फोड मीटर करतो. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात: एकावर बॅटरीची केबल, दुसऱ्यातून मोटरला जाणारी वायर. किल्ली धरून पहिल्या बोल्टवर मोजा. तिथेच व्होल्टेज कमी असेल तर केबल किंवा तिच्या टोकाचा लग खराब. पहिल्यावर बारा आणि दुसऱ्यावर शून्य, तर आतली पट्टी जळाली. दोन्हींवर बारा आणि मोटर गप्प, तर कार्बन झिजले. कार्बनचा संच स्वस्त मिळतो, तांब्याची पट्टीही बऱ्याच सोलेनॉइडची उलटी करून वापरता येते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला अख्खा सेल्फ विकणं दुकानदाराला जड जातं.

६. काहीच आवाज नसेल तर बॉनेट उघडू नका, आधी पाय बघा.

आताच्या बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. पायाखालची मॅटिंग सरकून पेडलखाली आली तरी स्विच लागत नाही. ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन'मध्येच सुरू होते. हे सगळं ठीक असेल तर फ्यूज, रिले आणि सोलेनॉइडवरची बारीक वायर. त्या वायरीची क्लिप खड्ड्यांनी सैल होते. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी इंजिनावर येतात आणि नेमकी तीच कुरतडतात.

ज्या जुन्या गाड्यांत सेल्फला रिले नसतो, तिथे सोलेनॉइडचा सगळा करंट किल्लीच्या स्विचमधून जातो. स्विचची टोकं जळतात आणि दहा वेळा फिरवल्यावर एकदा सेल्फ घेतो. स्विच बदलून तात्पुरतं भागतं. मी अशा गाडीत एक रिले टाकतो: किल्लीने रिले चालवायचा, रिलेने सोलेनॉइड. नव्या स्विचपेक्षा कमी खर्चात काम होतं आणि टिकतं.

७. सेल्फ फिरतो पण धरत नाही, हा खरा सेल्फचा आजार.

इथे मोटर निरोगी असते, बॅटरीही. 'घूंऽऽ' आवाज गुळगुळीत असेल तर बेंडिक्समधला तो एकेरी क्लच घसरतोय. सुरुवातीला चारातून एकदा होतं, म्हणून लोक महिनोन्महिने चालवून घेतात आणि नेमकं कुंभार्ली घाटात चहाला थांबल्यावर गाडी दगा देते. सेल्फ काढून बेंडिक्स हातात घ्या. चाक एका बाजूला मोकळं फिरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला शाफ्टला घट्ट धरलं पाहिजे. दोन्हीकडे फिरत असेल तर बेंडिक्स बदलायचा, दुसरा इलाज नाही. तेल-ग्रीस घालून तो सुधारतो ही अफवा आहे.

कधी बेंडिक्स चांगला असतो आणि त्याला ढकलणारी लिव्हर तुटलेली असते. हल्ली ती प्लास्टिकचीही येते. कधी गाडीच्या क्लच प्लेटची काळी भुकटी आणि गळलेलं ऑइल मिळून शाफ्टवर चिकट थर जमतो, बेंडिक्स पुढे सरकतच नाही. समुद्रकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत सोलेनॉइडचा दांडाच गंजून जागी बसतो. या तिन्हींत धुणं-पुसणं आणि एखादा स्वस्त भाग एवढ्यावर काम होतं.

जुन्या ॲम्बॅसॅडरचा हिशेब उलटा होता. तिच्यात मोटर आधी फिरायची आणि बेंडिक्स शाफ्टवरच्या आट्यांवरून झटक्याने पुढे फेकला जायचा. त्या आट्यांना कुणी कौतुकाने ग्रीस लावलं की त्यावर धूळ बसून बेंडिक्स अडलाच. माझे उस्ताद तो भाग पेट्रोलने धुऊन कोरडाच बसवायचे. अडकलेला बेंडिक्स सोडवायला शाफ्टच्या मागच्या चौकोनी टोकाला पाना लावून फिरवायचं. आणि हँडल मारून गाडी सुरू करताना उस्तादांचा दम असायचा, "अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव." इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा आणि मनगट वाचतं. याच हँडलच्या जाचातून सुटका म्हणून चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला.

आता 'खर्रर्र'. हा आवाज कधी येतो, कधी नाही, आणि लोक चक्रावतात. त्यामागे साधं गणित आहे. बंद होताना इंजिन कुठेही थांबत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जात असते, तिच्यापाशी अडून थांबतं. चार सिलिंडरच्या इंजिनाला रिंगवर अशा दोन जागा, तीन सिलिंडरच्या मारुती ८०० सारख्या इंजिनाला तीन. म्हणजे वर्षानुवर्षं बेंडिक्स त्याच दोन-तीन जागी रिंगला धडकतो आणि तिथलेच दाते झिजतात, बाकीची रिंग कोरी असते. तपासायचं कसं? किल्ली बंद, वरचा गिअर टाका, गाडी थोडी पुढे ढकला, म्हणजे इंजिन जरा फिरेल. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा किल्ली. लगेच धरलं तर रिंगचे दाते गेले असं समजा.

रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी भागापेक्षा जड होते. माझा सल्ला असा: क्लच प्लेट बदलायची वेळ जवळ आली असेल तर तोवर गाडी ढकलून दिवस काढा आणि एकाच मजुरीत दोन्ही उरका. पण खर्रर्र होत असताना किल्ली धरून ठेवू नका. नाहीतर रिंगेबरोबर बेंडिक्सही जातो, आणि नवी रिंग टाकून जुना झिजलेला बेंडिक्स ठेवला तर तो नव्या दात्यांनाही खातो.

८. हातोडी.

सेल्फवर टोले मारले की गाडी सुरू होते, हे खरं आहे. अडकलेला कार्बन हलतो आणि काम होतं. पण आजच्या बऱ्याच सेल्फांत कॉइलऐवजी लोहचुंबक चिकटवलेले असतात, जोरात मारलं तर तडकतात. पान्याच्या दांड्याने हलकं टकटक करा, गाडी सुरू करा आणि बंद न करता दुकानात या.

९. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना अधिक सांगायला नको. पाणी ओसरल्यावर माणसं पहिली गाडीपाशी धावली आणि किल्ली फिरवू लागली. 'टक्' होऊन सगळं थांबायचं. सेल्फ गाडीत खालच्या अंगाला असतो, त्यात गाळ भरलेला. पण खरी भीती इंजिनात शिरलेल्या पाण्याची. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फने जोर लावला किंवा कुणी गाडी टो करून गिअर टाकला, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. आधी बॅटरी सोडवायची. पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर येऊ द्यायचं, ऑइल बदलायचं. डिझेलला फिटरच बोलवा. त्या दिवसांत उतरवलेले सेल्फ आम्ही पूर्ण खोलून धुतले, वाळवले, शाफ्टचे बुश आणि कार्बन बदलले. बहुतेक पुन्हा चालले. न खोलता "वाळला की होईल" म्हणून ठेवलेले काही महिन्यांत आतून गंजून परत आले.

१०. स्क्रू ड्रायव्हरने बोल्ट शॉर्ट करणं सिनेमातल्या मिस्त्रींना शोभतं.

आम्हीही करतो, पण गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला, आणि समोर कुणी उभं नाही हे बघून. गिअरमध्ये राहिलेली गाडी अशी उडी घेते की बॉनेटवर वाकलेला माणूस चिरडतो. तुम्ही करू नका. सेल्फच्या जाड बोल्टला किल्ली बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो, म्हणून त्याच्या जवळपास पाना घालण्याआधी उणे वायर सोडवलीच पाहिजे आणि हातातली अंगठी, कडं काढलंच पाहिजे.

धक्का मारून गाडी सुरू करायची तर दुसऱ्या गिअरमध्ये. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी अगदीच मेलेली असेल तर पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटर जागेच होत नाहीत, मग कितीही माणसं लावा. जंपर केबल लावताना काळ्या वायरीचं शेवटचं टोक बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला, लांब लावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

सलग दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. मोटर इतक्या करंटवर सतत चालायला बनवलेलीच नाही.

११. नवा सेल्फ घ्यायचाच असेल तर.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळालं किंवा बॉडी फुटली, तर नवा घ्या. नुसते बुश झिजून आर्मेचर घासत असेल, कार्बन संपले असतील, बेंडिक्स गेला असेल, तर जुना कंपनीचा सेल्फ दुरुस्त केलेला बरा. बाजारात रंग मारून नव्या खोक्यात घातलेल्या जुन्या सेल्फपेक्षा तो जास्त वर्षं चालतो. दुरुस्त झालेला सेल्फ गाडीत बसवण्याआधी टेबलावर बॅटरी लावून चालवून दाखवायला सांगा: बेंडिक्स झटक्यात पुढे आला पाहिजे आणि करंट सोडताच मागे गेला पाहिजे. काढलेले भाग परत मागा, अगदी जळकी पट्टीसुद्धा. आणि ज्या दुकानात मीटर न लावताच "सेल्फ गेला" म्हणतात, तिथून गाडी ढकलत का होईना, बाहेर काढा.